‘मॉर्विक’चा हजेरीपट

१ सप्टेंबर १९१९, लायनेस
पोचलो एकदाचा! बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं, तरी स्वारी खुशीत आहे. काम झकास: आमच्या आठ युद्धनौकांच्या ताफ्याचा युद्धकाळातला इतिहास लिहायचा. टेबल खिडकीशी, शेजारी शेगडी, समोर अख्खं स्कापा फ्लो बंदर. हेडक्लार्क पेनरोझ कॉर्नवॉलचा, एक पाय लाकडी, जीभ मात्र धडधाकट. मला बघून म्हणतो कसा, इतिहास लिहायला आलास का शेगडीपाशी लोळायला? म्हटलं, दोन्ही. हसला.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. थोरला भाऊ आर्ची याच ताफ्यातल्या ‘मॉर्विक’वर भट्टीत कोळसा मारायचा. चौदा साली जहाज सुरुंगावर आदळून बुडालं. शत्रूला कळू नये म्हणून बातमी दाबली आणि लढाई संपेपर्यंत जहाज कागदावर तरंगत ठेवलं. पुढे जाहीर झालं, पण मृतांच्या यादीत आर्ची नाहीच! आमच्या गावी, स्ट्रॉमनेसच्या चर्चमध्ये वीस तारखेला शिळेवर मृतांची नावं कोरणार आहेत. सरकारी कागदाशिवाय पाद्री ऐकत नाही, आणि आई रोज त्याच्या दारात जाऊन बसते. तो कागद मी मिळवणार.

४ सप्टेंबर
तरंगत कसं ठेवलं ते कळलं. ‘मॉर्विक’चा हजेरीपट रोज सकाळी याच खोलीत बनायचा. आजारी किती, रजेवर किती, सगळं मनचं. चार वर्षं पेनरोझनेच लिहिलं. म्हणाला, खोटं लिहून लिहून अक्षर तेवढं सुधारलं बघ. प्रत्येक पानावर ‘हेडल, आर्चिबाल्ड: हजर’. नाव कमी करण्याचा अर्ज आजच वर पाठवला. दुपारी बॅनकची जाड भाकरी आणि खारवलेला मासा, बरा होता.

८ सप्टेंबर
अर्ज परत. लाल पेन्सिलीत शेरा: ‘इसम सेवेत आहे.’ कुठल्या गाढवाने लिहिलं हे? जहाज पाच वर्षं तळाशी आहे! पुन्हा पाठवला.

११ सप्टेंबर
पुन्हा परत, तोच शेरा. मस्तकात तिडीक गेली. पेनरोझसमोर आदळआपट केली, म्हटलं, तुमच्या हजेरीपटांनी घात केला. तो म्हणाला, बाबा रे, लढाई थांबली त्याच दिवशी मी लेखणी ठेवली. मग मी हजेरीपटांची पेटी उघडली. हजेरीपट कालपर्यंतचे आहेत. पानं ओलसर. अक्षर पेनरोझचं नाही.

कालच्या पानावर: ‘रजेचा अर्ज: हेडल, आर्चिबाल्ड. कारण: आई वाट बघते. नामंजूर, बदली माणूस नाही.’

कुणीतरी थट्टा करतंय. सापडू दे, मुस्काट फोडतो.

१३ सप्टेंबर
खोलीला नवं कुलूप घातलं. सकाळी नवं पान पेटीत होतंच. पेनरोझला विचारलं, बदली माणसाचं काय? म्हणाला, आरमाराचा जुना रिवाज, जागेवर दुसरा आल्याशिवाय पहिल्याला जहाज सोडत नाही. तुझ्या अर्जात तो रकाना कोरा आहे, म्हणून परत येतोय. एका रकान्यापायी! आई तिकडे पाद्र्याच्या पाया पडतेय, आणि इथे रकाना!

१५ सप्टेंबर
भरला रकाना. रागाच्या भरात स्वतःचंच नाव ठोकलं: हेडल, विल्फ्रेड. पेनरोझने मनगट धरलं, वेडा झालास का म्हणाला. म्हटलं, कागदी जहाजाला कागदी खलाशी! त्याच्या हातातून ओढून अर्ज टपालात टाकला.

१८ सप्टेंबर
आईची तार. कागद आला, पाद्र्याने नाव घेतलं. टेबलावर डोकं टेकून रडलो. सुटलो एकदाचे.

पेनरोझ माझ्याकडे बघत नाही. आजचं पान त्याने लपवलं होतं, मी हिसकावलं. ‘हेडल, आर्चिबाल्ड: सेवामुक्त. हेडल, विल्फ्रेड: येणे बाकी. होडी पाठवत आहोत.’

१९ सप्टेंबर
पान जाळलं— तासाभरात पुन्हा पेटीत, भिजलेलं. इथून निघावं तर कर्कवॉलची बोट धुक्यामुळे बंद. रद्द करायचा अर्ज लिहिला. पेनरोझ वाचून म्हणाला, रद्द केलंस तर पहिला माणूस जागेवर परत जातो. तोही रिवाज.

म्हणजे आर्ची—

पेनरोझ म्हणाला, तुझ्याऐवजी माझं नाव घाल, चार वर्षं मीच त्यांना जिवंत ठेवलं. मी नाही घातलं. म्हाताऱ्याला कसं—

२० सप्टेंबर, दुपार
धुकं. वल्ह्यांचा आवाज, सकाळपासून. रद्दचा अर्ज समोर, सही तेवढी बाकी— तिकडे आत्ता कोरत असतील. आई उभी असेल.

होडी धक्क्याला लागली. सहा जण. पेनरोझ खिडकीशी— टोप्यांवरचं जहाजाचं नाव वाचलं त्याने, खाली बसला.

पायऱ्या. ओल्या बुटांचा आवाज.

दाराबाहेर आहेत. ओरडत नाहीत, दमलेत बिचारे. हेडल पाहिजे म्हणतात. विचारतायत, थोरला का धाकटा—

अर्ज फाडला. पेनरोझ, ही वही आईला—

सांगतो त्यांना. धाकटा. थोरला घरी गेला, त्याला आता कुणी