घोट्याची माती

४ फेब्रुवारी
नगरच्या दवाखान्यात भरती झालो. पलंग खिडकीपाशी, सकाळचं ऊन थेट पायावर येतं. बारा वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडलो. हाडवैद्याने बांधलेला घोटा वाकडाच जुळला. तेव्हापासून तळव्याच्या कडेवर चालतो. डॉक्टर म्हणाले, जुना वाकडा भाग कापून काढू, सांधा सरळ करून स्क्रूने जखडू. तीन महिन्यांत पाऊल सपाट पडेल. मोहटादेवीच्या पायऱ्या एकदा धड पायांनी चढायच्या आहेत. माझं मागणं एवढंच.

७ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. कमरेखाली बधिर होतं. छिन्नीचे ठोके ऐकू येत होते, दुसऱ्याच कुणाचं काम चालल्यासारखे. काढलेला तुकडा सुपारीएवढा. माणसाचं हाड कचऱ्यात जायला नको, आपल्या शिवारात पुरते, असं माझी बायको चांगुणा म्हणाली. नर्सबाई देईनात. तिने हात जोडले तेव्हा दिलं.

९ फेब्रुवारी
थोरला भाऊ वैजनाथ चांगुणाला घेऊन गावाहून आला. त्याने सांगितलं, चांगुणा बांधावर खड्डा घेत होती, तोवर भावकी जमली. मग रीत कशाला मोडा म्हणून सगळ्यांनी मूठमूठ माती लोटली. कुणाच्या नावाने, असं एकाने विचारलं. चांगुणा माझं नाव घेत नाही. वैजनाथने घेतलं. मला म्हणाला, "सूर्यभान, तुझ्या मातीला तीस मानूस हुतं. लग्नाला बी येवढं न्हवतं." मी हसलो. चांगुणा हसली नाही.

१३ फेब्रुवारी
प्लास्टरमधला पाय गार आहे. बोटांच्या बेचक्यांत ओल लागते. डॉक्टरांनी नखं दाबून पाहिली. रक्त नीट फिरतंय म्हणाले.

२१ फेब्रुवारी
टाके काढायला प्लास्टर उघडलं. जखम कोरडी, स्वच्छ. पण कापसात माती होती. काळी, चुनखडीचे खडे असलेली. आमच्या बांधाची. नर्सबाई चांगुणाला रागावल्या. तिने पायाला हातही लावलेला नव्हता.

२३ फेब्रुवारी
बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला. तो तुकडा उकरून काढायला वैजनाथला सांगितलं. दुपारी फोन आला. म्हणाला, तुकडा न्हाई. पाय हाय. आख्खा, सरळ. घोट्याच्या वर अजून आत जातोय. भिऊन त्याने परत माती लोटली.

२४ फेब्रुवारी
मांडी गेली. डॉक्टर टाचणी टोचतात. कळत नाही. पण मुंग्या कळतात. मुळं कळतात. एकदा दिलेली माती परत घेता येत नाही, असं भावकीतले म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. देवीचं नाव घेतो.

२५ फेब्रुवारी
कंबर. वैजनाथला उकरू नको म्हणालो — मग उकर म्हणालो — तो फोन उचलत नाही. पलंगावर पाय दिसतात. माझे नाहीत.

२६
छातीवर ओझं. एक मूठ. अजून एक. दाताखाली कचकच — खिडकीत ऊन आहे, चांगुणा उशाशी बसून हाक मारते — आवाज वरून येतो, फार वरून, आणि तिच्या मुठीत