हत्ती: ३ टाका, १ सोडा

४ मार्च, सकाळ
लेकीचा फोन. नातबाईंनी विकतच्या कापडी अस्वलाचा डोळा उपटून तोंडात घातला. जावयाने बोट घालून बाहेर काढला. आता सगळं ठीक. तरी मी तीनदा विचारून खात्री केली. लेकीचं फर्मान: यापुढे बटणाचे डोळे बंद, चिकटवलेलं काही नको, खेळणं हाताने केलेलं हवं आणि धुता आलं पाहिजे. विहीणबाई क्रोशाचा ससा करताहेत म्हणे.
मी जन्मभर लिफ्ट तपासल्या, आणि सुरक्षितता विहीणबाईंनी शिकवायची? नातीच्या तोंडात पहिला जाईल तो माझा हत्ती. दोन्ही घरांत तसं जाहीर केलं. सगळे १७ला इकडे येताहेत. हत्ती म्हणजे तरी काय, एक गोळा, चार पाय, एक सोंड. गुरुवारपर्यंत उरकेल.

४ मार्च, संध्याकाळ
सौ. म्हणाली होती, सुती दोरा आणा. नातीला सुती? शुद्ध लोकर आणली, करडी. दुकानातल्या बाईही म्हणाल्या, बाळासाठी सुतीच घ्या, गरम पाण्यात टिकतो. माल खपवायची कला. फसलो नाही.

५ मार्च
क्रोशाच्या व्हिडिओतली बाई फार हळू शिकवते. दुप्पट वेगाने लावली. गोळा तयार. जरा चपटा आहे, पण कापूस भरायच्या आधी हत्ती चपटाच असणार. सौ. बघून तोंडावर हात ठेवून आत गेली. भारावली असावी.
दुपारी झोपलो. उठून बघतो तर गोळा गोल! लोकर जरा विसावली की टाके आपोआप जागेवर बसतात. हे व्हिडिओत सांगत नाहीत.

८ मार्च
पद्धत सापडली. सकाळी विणायचं, दुपारी ताणून द्यायची. काल एक पाय लांब, एक आखूड होता. उठलो तर चारी सारखे. सौ.ला सांगितलं, माझा हात आता बसला. ती म्हणाली, बरं झालं, माझा खांदा मात्र धरलाय. कशाने धरला कोण जाणे.
विहीणबाईंना फोन केला. सशाचे कान तेवढे राहिलेत म्हणाल्या. मी बजावलं, कान हे धोक्याचं ठिकाण, भार सोसायला हवा. त्यांनी फोन सौ.ला द्यायला सांगितला.

१२ मार्च
सौ. बहिणीकडे गेली, शनिवारी येईल. आता निवांत काम. सोंड आणि डोळे, बस्स.

१३ मार्च
सोंड काठीसारखी ताठ. दुपारी झोपलो. फरक नाही. पुन्हा झोपलो. तरी नाही. लोकरीचा हा लॉटच खराब.
शेवटी सौ.ला फोन. म्हणाली, तीन टाके टाका, एक सोडा, परत तीन टाका, एक सोडा, की सोंड वळेल. लगेच टिपून घेतलं.
हत्ती: ३ टाका, १ सोडा.

१५ मार्च
झाला! झाला! सोंड वळली! डोळे दोऱ्याने शिवले, बटणाचं नाव नाही. मग चाचणी. सोंडेला भरलेली बादली टांगली. धरली! आनंदाने नाचलो. खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले. त्यांना हत्ती दाखवला. म्हणाले, उंट झकास झालाय. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला वाटतं.

१६ मार्च, सकाळ
लेकीचा फोन. खेळणं तोंडात जाणार, धुवूनच ठेवा. धुवायचं कसं, म्हणून वही उघडली. माझ्याच अक्षरात तयार! हत्ती: ३ टाका, १ सोडा. रोजनिशी ठेवण्याचा हाच फायदा. तीन झाकणं पावडर टाकली, एक झाकण सोडा. पाणी कडकडीत. जंतूंची गय नाही. मशीन सुरू.

१६ मार्च, दुपार
मशीनमध्ये हत्ती नाही. फेस आहे. तळाशी काहीतरी करडं, मुठीएवढं, घट्ट. सोंड आत गेलीय.
घाबरायचं कारण नाही. झोपतो.

१६ मार्च, संध्याकाळ
तसाच आहे.
सौ. आली. हत्ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. काय टाकलं विचारलं. मी वही पुढे केली. वाचून ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, आता तुम्ही कितीही झोपलात तरी मला हा सरळ करता येणार नाही.
मी तिच्या खांद्याकडे बघितलं. फार ओशाळलो. मलम शोधून दिलं.

१७ मार्च
सगळे आले. नातबाईंनी ससा बघितला आणि कानासकट तोंडात घातला. मी तो कान ओढून बघितला. पुन्हा जोर लावून ओढला. पक्का आहे. नाइलाजाने पास केला. विहीणबाई 'हत्ती कुठाय' असं विचारतील म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो. त्यांनी विचारलं नाही. सौ.ने आधीच सांगितलं असणार.
नातीला आतल्या खोलीत झोपवलं, पण वाऱ्याने दार सारखं आपटत होतं आणि ती दचकत होती. जावयाला टेबलावरचा करडा गोळा दिसला. त्याने तो दाराखाली सरकवला. चपखल बसला. म्हणाला, बाबा, भारी, दारासाठीच केलात ना? मी म्हटलं, हो, दारासाठीच.
नात गाढ झोपली. मी जाऊन दार ढकलून बघितलं. तसूभर हललं नाही.
हुरूप आला. सौ.ला हळूच म्हटलं, पुढच्या वेळी जिराफ करतो. ती खांदा चोळत म्हणाली, अहो, आता हा नाद सोडा.
या वेळी अर्थ लगेच कळला.