कल्याणची गाडी कुणाची

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
बीपी : जास्त.
डॉक्टरांनी रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलं आहे. आकडा लिहिला की पुढे पान मोकळं राहतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून बाकीचंही लिहीन. कुणी वाचेल ही भीती नाही. घरात जवळचं दिसायचा चष्मा एकच आणि तो माझ्या खिशात असतो.
आजच्या बीपीचं कारण कमलेशचं गाणं. कमलेश माझा नातू. ड्रम बडवतो. त्यांचा रॉक बँड आहे, ‘मिठागर’ नावाचा. हे नाव मीच सुचवलं होतं. कमलेशला ते आठवत नाही. आमच्या शेतावर टॉवर झाला तेव्हा वर फ्लॅट आणि खाली एक गाळा मिळाला. त्या गाळ्यात शटर ओढून ही पोरं वाजवतात. लिहितो आणि गातो तो अद्वय, डोंबिवलीचा. शिकलेल्या घरातला आहे, पण केस बघून वाटत नाही.
त्यांचं ‘कल्याणची गाडी’ सध्या जिकडेतिकडे वाजतं आहे. रिक्षात, लिफ्टमध्ये, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या कारमध्ये. कमलेश म्हणतो, आबा, याला बॅलड म्हणतात. रॉकवाले दमले की जे वाजवतात ते, असं मी समजलो.
गाण्यात एक पोरगा ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर पोरीची वाट बघतो. पोरगी येत नाही. ‘कल्याणची गाडी सुटली गं, पेरू राहिले रुमालात.’ इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि एकदम लक्षात आलं की ही माझीच गोष्ट आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार.
बीपी : मोजलं नाही. अंदाजे जास्त.
झोप नाही. सगळं जुळतं आहे.
गणपतीत ही पोरं आमच्याकडे जेवायला होती तेव्हा मीच त्यांना सांगितलं होतं. तरुणपणी मी मिठाच्या लॉरीबरोबर कल्याणला जायचो. तिथल्या एका व्यापाऱ्याची मुलगी माझ्याकडे बघून हसली. एकदा. नाव विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला लॉरी भिवंडीला गेली आणि संपलं. प्रेम म्हणजे दुसरं काय असतं.
बारीकसारीक फरक आहेत. मी खोपटला वाट बघितली नव्हती. पण लॉरी भिवंडीला गेली नसती तर कुठेतरी बघितलीच असती. पेरू मला चालत नाहीत, बी दाढेत अडकते. पण कवीला तेवढी सूट असते. गाण्यातल्या पोरीच्या तळहाताला मीठ लागलेलं आहे. लागणारच, बापाचा धंदा मिठाचा.
चालसुद्धा ओळखीची वाटते. मिठागरात दाताळ्याने मीठ ओढताना मी शीळ घालायचो, तीच असणार.
आता काळजी बायकोची, ठमाबाईची. तिला कळलं तर या वयात घर मोडेल. ठरवलं : गाणं माझ्यावर आहे हे सगळ्या ठाणे जिल्ह्याला कळलं पाहिजे आणि ठमाबाईला कळता कामा नये. दोन्ही कसं जमवायचं ते उद्या बघू.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
बीपी : जास्त.
विश्वासातला माणूस म्हणून काळुरामला सांगितलं. तो गावातला, आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाकड्यावर बसून त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, नाथा, ती हसली तेव्हा तुझ्या अंगावर काय होतं? म्हटलं, लंगोट आणि बंडी, सगळ्या मीठवाल्यांच्या असते तशी. तर म्हणे, मग ती का हसली ते मला विचार.
त्याला शपथ घातली होती. संध्याकाळी वॉचमनने विचारलं, चाचा, कल्याणवाली का फोन आया क्या.
काळुरामशी बोलणं बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
ठमाबाईने ऋतिकाकडून गाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आहे. ऋतिका आमची नात, तिचं लग्न पुढच्या महिन्यात. तर ठमाबाई स्वयंपाकघरात गाणं लावून उभी होती. पेरूची ओळ आली आणि तिचा हात कालवणात थांबला. मी पटकन मिक्सर चालू केला. आत काही नव्हतं, नुसताच चालू केला.
ती म्हणाली, बंद करा तो, मना ऐकू दे.
मी विचारलं, काय एवढं आहे त्यात? म्हणाली, तुमाला नाय समजायचं.
संशय आलेला आहे. दोन वेळा पाणी प्यायलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
गाळ्यावर गेलो. नेहमीप्रमाणे शटरवर काठीने ठोकलं. मी ठोकल्याशिवाय ही पोरं आवाज कमी करत नाहीत आणि ठोकल्यावरही करत नाहीत.
अद्वयला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा रे, ती गोष्ट कुणाची ते कुठे बोलू नकोस. तो म्हणाला, आबा, प्रत्येक इंटरव्ह्यूत तेच विचारतात, पण आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. ऋतिकाच्या हळदीला गाणार आहोत, तेव्हा स्टेजवरून पहिल्यांदा सांगू. आजींच्या समोर.
ड्रमवर बसलो. कमलेश ओरडला.
अद्वयला विचारलं, परवानगी घेतलीस का. तो म्हणाला, गोष्ट ज्यांची त्यांना केव्हाच विचारलंय, त्याशिवाय कसं लिहीन.
मला विचारल्याचं आठवत नाही. पण बीपीच्या गोळीनंतर मी कशालाही मान हलवतो, तेव्हाच विचारलं असेल. मुलगा सरळ आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार.
बीपी : बरं.
मार्ग सापडला. बोलायला उभा राहीन तेव्हा कल्याणच्या मुलीचं नाव काढायचंच नाही. ‘माझं प्रेम कलेवर होतं’ असं म्हणायचं. जाणकार समजतील, ठमाबाई फसेल. शिवाय नेमक्या वेळी तिला मटणाकडे पाठवायचं. मटणाजवळ घरचं माणूस लागतंच.
भाषण लिहायला घेतलं. ‘मी काही मोठा माणूस नाही.’ इथे थांबायचं. लोक ‘नाही नाही’ म्हणतील.
कोट ड्रायक्लीनला टाकला. पोटावर बटण लागत नाही, पण सत्काराची शाल येणार आहे, वरून झाकेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
लिफ्टमध्ये गाणं लागलं होतं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी डोळे पुसले. मी म्हटलं, जाऊ द्या, होऊन गेलं ते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय झालं?
लोकांना कळेल तेव्हा याच बाई सेल्फी मागतील.

१ डिसेंबर, सोमवार.
ठमाबाईने हळदीसाठी नवं लुगडं काढलं. ती आमच्यातली धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई लागते, तिच्याशिवाय देवाचं काही सुरू होत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तिला बोलावणी येतात. ती गायला बसली की मी जेवणाची सोय बघायला जातो. त्यामुळे इतक्या वर्षांत एकही धवला पुरता ऐकलेला नाही.
लुगड्याची घडी करता करता म्हणाली, ओ, हळदीला काय ऐकलंत तर राग नाय ना येनार तुमाला?
मी म्हटलं, मला कशाला येईल. म्हणाली, मग बरं.
म्हणजे तिला सगळं कळलं आहे आणि तिने मला माफ केलं आहे. बाई मोठ्या मनाची. उगाच घाबरलो. आता ‘कला’ वगैरे नको, सरळ कल्याण म्हणतो. भाषणात बदल केला.

५ डिसेंबर, शुक्रवार. दुपार.
बीपी : मोजायला वेळ नाही.
आज हळद. मांडव खालच्या पार्किंगमध्ये. कोट घालून बघितला. श्वास न घेता बटण लागतं. बोलताना काढावं लागेल.
काळुरामला पहिल्या रांगेत बसवणार आहे. त्याला ऐकू गेलं पाहिजे.

६ डिसेंबर, शनिवार. पहाट.
आज लग्न आहे. आंघोळीचा नंबर यायचा आहे तोवर लिहितो.
काल हळद लागली, जेवणं झाली. मग पोरांनी ते गाणं सुरू केलं. सुरुवातीला ठक-ठक-ठक होतं. ते ड्रम नाहीत, माझी काठी आहे. मी शटर ठोकत होतो तेव्हा रेकॉर्डिंग चालू होतं, आवडलं म्हणून ठेवून दिलं, असं कमलेशने माइकवरून सांगितलं. लोक हसले. मला वाटलं, ही प्रस्तावना.
गाणं चालू झालं आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बाया एकेक करून त्याच चालीत गुणगुणायला लागल्या. शब्द वेगळे. हळद दळायचे, देवाला बोलवायचे. मला समजेना, माझी शीळ यांना कशी ठाऊक.
अद्वयने माइक घेतला. म्हणाला, या गाण्याची चालही आणि गोष्टही एकाच व्यक्तीने दिली आहे, ती व्यक्ती आज इथे आहे. काळुरामने माझ्याकडे बघितलं. मी उठलो. कोटाचं बटण लावलं. पायऱ्या चढलो. टाळ्या चालू होत्या. मी शाल घ्यायला मान खाली केली.
अद्वय म्हणाला, आबा, एक मिनिट हं. आणि मग माइकमध्ये म्हणाला, ठमाआजी.
ठमाबाई नवरीपाशी बसली होती, दोन्ही हात हळदीने भरलेले. तशीच वर आली. शाल तिच्या खांद्यावर. मला खाली उतरायचं होतं, पण मागून पोरं नाचत होती, वाट नव्हती. अद्वय म्हणाला, आजी, चार ओळी मूळ धवल्याच्या. तिच्या हाताला हळद, माइक धरणार कसा. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, धरा जरा.
मी धरला. तिने धवला म्हटला. पुरता. मला कुठे जाता आलं नाही, म्हणून सगळा ऐकला. तीच चाल होती. शीळ मी घालायचो हे खरं, पण ती मला आली कुठून हे मी कधी विचारलंच नव्हतं.
चांगला होता. हात भरून आला, तरी हलवला नाही.
उतरताना काळुरामने मला धरलं. त्याचंच जास्त लागलं.

७ डिसेंबर, रविवार.
बीपी : मशीन एरर दाखवतं.
ऋतिका काल सासरी गेली. घरात शांतता. ठमाबाई पाय लांब करून बसली होती. विचारायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. विचारलं.
तिने अजिबात लपवलं नाही. तेव्हा ती बाकीच्या बायांबरोबर मिठागरातून मीठ वाहायची. कल्याणच्या एसटीतला एक कंडक्टर. देखणा होता का, विचारलं. म्हणाली, हा. जरा जास्तच पटकन म्हणाली. त्याने निरोप धाडला होता की खोपटला ये, कल्याणला जाऊन लग्न करू, मी पेरू घेऊन थांबतो. तिला पेरू आवडतात. मला हे आजच कळलं. पोरं गाळ्यात जेवत होती तेव्हा तिने त्यांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. माझी लॉरीची गोष्ट पोरांनी ऐकली होती का? म्हणाली, ऐकली, पन भिवंडीला काय गाना होतं का.
त्याच दिवशी तिच्या घरी आम्ही बघायला गेलो होतो. मी, बाबा, मामा. मला आठवतं, मी नवी टोपी घातली होती.
मी विचारलं, म्हणजे मला बघितलंस आणि गेली नाहीस?
ती म्हणाली, तुमाला कुठं बघितलं, तुमी व्हटीवर बसलेले, मी आत. आय बाहेर गेलेली, चुलीवर बोंबलाचं कालवण ठेवलेलं. उतू गेलं असतं. ते उतरवलं, मग तुमाला वाढलं, तवर गाडी गेली.
मग ती म्हणाली, पन कालवण तुमी तीनदा मागितलंत. आणि हसली. कल्याणची ती कशी हसली होती ते आता नीटसं आठवत नाही.
बाजारातून पेरू आणले. चार दिवसांत पिकतील असं भाजीवाला म्हणाला.
निश्चय : उद्यापासून घरात गॅसवर रोज कालवण पाहिजे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी वालाचं चालेल. पण शेगडी रिकामी ठेवायची नाही.