मृतांच्या यादीतली ताई

नॉम पेन्ह, २५ सप्टेंबर २००३
पितरांच्या पंधरवड्याचा शेवटचा दिवस

चि. मालिस हिला,

अनेक आशीर्वाद. घरी सगळी बरी असतील. मीही बरी आहे असं लिहायची रीत आहे, पण आज तसं लिहवत नाही.

अठ्ठावीस वर्षांनी या शहरात आले. बट्टमबांगच्या माझ्या शेजारणीला डोळे दाखवायचे होते, सोबतीला कोणी नव्हतं, म्हणून. नाहीतर मी कसली येतेय! ती म्हणाली, आलोच आहोत तर विहारात जाऊ, पितरांना भात वाढू. तिथे एक आजोबा गेलेल्यांच्या याद्या वाचत होते. मी पेंगत होते, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात कानावर आलं, केत सारुन. आपले बाबा. मग आईचं नाव. मग आजोबा अडखळले, "केत... कोलाप?"

पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "कोलाब, आजोबा. दर वर्षी चुकता तुम्ही. माझी ताई होती ती."

अगं, आवाज हुबेहूब आईचा. तिकडे बट्टमबांगला दर वर्षी मी तुझ्या नावानं पिंड ठेवते, आणि इथे तू माझ्या नावानं.

धावत येऊन तुला मिठी मारायला हवी होती. मी खांबाआड लपले. तू गेल्यावर आजोबांना विचारलं, ही कोलाब गेली कशी? ते म्हणाले, "सैनिकांनी सगळं शहर रिकामं करून लोकांना पायी हाकललं, तेव्हा वाटेत धाकटी तापानं फणफणली. तिच्यासाठी पाणी आणायला गेली नि त्यांच्या हाती सापडली. बहिणीपायी जीव दिला पोरीनं." आणि त्या नावाला त्यांनी हात जोडले. मला तिथे उभं राहवेना.

मालिस, मला कोणी पकडलं नव्हतं. तळं जवळच होतं. मी पोटभर पाणी प्यायले आणि परत फिरलेच नाही. आई-बाबा उरले नव्हते, तुला उचलून चालवत नव्हतं, मी चौदा वर्षांची होते. पण ही सगळी कारणं झाली. ज्या झाडाखाली तुला निजवलं होतं तिथून तू हाका मारत होतीस, त्या मला ऐकू येत होत्या. तशीच मी पुढच्या लोकांत मिसळले.

हे पत्र आजोबांजवळ देतेय, ते आज रात्रीच तुझ्या घरी पोचवतो म्हणालेत. उद्या दिवसभर मी विहाराच्या पायऱ्यांवर बसेन. शिव्या द्यायला ये, थोबाडीत मारायला ये, पण एकदा ये. नाही आलीस तर पुन्हा तोंड दाखवणार नाही.

'तुझी ताई' असं लिहायला हात धजत नाही.

कोलाब