पिशवीतले तीनशे

प्रिय ताई,

सहा दिवस हे पत्र टाळतोय. दोनदा ‘प्रिय’ लिहून कागद फाडला, एकदा पेन सापडत नाही म्हणून स्वतःला सूट दिली, आणि पेन खिशातच होतं. आज मात्र टाळायची सोय राहिलेली नाही. संध्याकाळच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला गळ घालून थांबवलंय.

चार वर्षं कुठे होतो ते सांगत बसलो तर तो ड्रायव्हर निघून जाईल. ट्रकवर क्लीनर होतो, मग दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग एका बोटीवर पोतीच्या पोती कांदे सोलले. तिथला आचारी शिंकला की सगळी बोट... असो, ते नंतर. साथ आली, सगळं ठप्प झालं. जिथून लोक पळत होते तिथेच माणसं हवी होती. तुझ्या घरापासून तासाभरावर एक हॉस्पिटल आहे, तिथे करोनाच्या वॉर्डात मी वॉर्डबॉय म्हणून लागलो. हो, तेच. बाबा आहेत ते.

बाबांना वर आणलं तेव्हा स्ट्रेचरचं पुढचं टोक माझ्या हातात होतं. अंगभर निळा पोशाख, दोन मास्क, चष्म्यावर वाफ. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. रुग्ण आपल्या नात्यातला निघाला तर आमची त्या वॉर्डातून बदली करतात, आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. फॉर्म भरताना जवळचं माणूस म्हणून त्यांनी तुझं नाव सांगितलं. आणखी कोणी, असं विचारल्यावर म्हणाले, एक मुलगा आहे, पण त्याच्या पायाला भिंगरी, त्याचा पत्ता लिहाल तर खोडतच बसाल. मला मास्कच्या आत हसू आलं. पुढचा अर्धा तास मी जिन्यात बसून होतो.

मला ते निळोबा म्हणायचे. निळोबा, या उशीत दगड भरलेत का. निळोबा, तुमच्या चहापेक्षा तुमचं सलाइन बरं. एकदा म्हणाले, तुम्हाला आईबाप आहेत ना, मग त्यांना कळवत जा अधूनमधून. मी मान हलवली. चार दिवस असे गेले. श्वास सुधारत होता, आणि बरे झाले की मास्क काढून समोर उभं राहायचं असं मी ठरवलं होतं.

आता मूळ गोष्ट. बाबांना परवा रात्रीपासून लघवीची नळी लावलीय, ती खाली एका पिशवीत जाते. पिशवीवर रेघा असतात. दर चार तासांनी बघायचं आणि किती झाली ते तक्त्यावर लिहायचं, हे माझं काम. इतर वॉर्डांत पिशवी दर वेळी रिकामी करतात. इथे अंगावर उडायला नको म्हणून दिवसातून एकदाच करतात, सकाळी. त्यामुळे पिशवीत जेवढं दिसेल तेवढं लिहायचं नसतं, आधीचं वजा करून लिहायचं असतं. हे मला कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असेन. दुसरंच खरं असणार.

माझा जोडीदार आजारी पडला म्हणून काल दोन्ही पाळ्या माझ्याच होत्या. सकाळच्या पहिल्या चार तासांत तीनशे मिलिलिटर झाली. ती लिहिली. पुढच्या वेळी तीनशे दिसली, तीही लिहिली. मग परत तीनशे, मग तीनशे दहा. आज पहाटेपर्यंत अशा सहा नोंदी झाल्या, कागदावर बेरीज अठराशेच्या वर गेली. सिस्टरकडे चाळीस रुग्ण, तिने काल संध्याकाळपर्यंतचा तक्ता बघितला आणि तुला फोनवर सांगितलं की लघवी छान होतेय. आज सकाळी पिशवी रिकामी करताना तिचा हात थांबला. दिवसभरात सगळी मिळून सव्वातीनशे, ताई. जवळजवळ बंदच झाली होती, आणि मी तीनशे तीनशे लिहीत होतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हा आजार फुप्फुसांवर थांबतोच असं नाही, काही जणांच्या किडन्याही धरतो. रुसल्यात म्हणाल्या, गेलेल्या नाहीत. काही दिवस डायलिसिसचा आधार दिला तर पुष्कळांच्या पुन्हा चालू लागतात, सगळ्यांच्याच असं नाही. पण आज संध्याकाळपर्यंत लावलं नाही तर रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडेल. बाबांचे पाय सुजलेत. आज त्यांनी मला निळोबा म्हटलं नाही. ग्लानीत आहेत.

मॅडमनी तुला फोन केला तेव्हा स्पीकर चालू होता. चार वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो असा. तू म्हणालीस, काल छान होतेय म्हणता आणि आज एकदम मशीन? एकदा लागलं की ते जन्माचं लागतं, माझ्या बापाला मी त्याला बांधणार नाही. मग मी मॅडमना सगळं कबूल केलं, नातंसुद्धा. त्यांनी परत फोन केला तर तू म्हणालीस, आता आकडे फिरवताय होय, आणि ठेवून दिलास. तुझ्या जागी मीही ठेवला असता. माझा नंबर तर तू कधीच बंद केलायस. आणि सही तुझीच लागते. मुलगा असल्याचा एक कागद माझ्याजवळ नाही.

म्हणून हे पत्र. तक्त्याचं पान सोबत जोडलंय. त्यातला माझ्या हातचा तीन बघ, पोट फुगलेला, शेपटी वर. त्यापायी किती पट्ट्या खाल्ल्यात मी तुझ्या. हॉस्पिटलने आकडे फिरवलेले नाहीत. खोटे होते ते कालचे, आणि ते माझे होते. मला माफ करू नकोस, त्याला नंतर वेळ आहे. आज फक्त सही कर.

तुझाच,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात खालून वॉचमनने हाक मारली. दाजी आलेत. फाटकाशी गाडी उभी केलीय, मागची सीट आडवी पाडून त्यावर गादी घातलीय, आणि हातात तुझ्या सहीचा कागद आहे, बाबांना आमच्या जबाबदारीवर घरी नेतो म्हणून. तू त्यांना पाठवशील असं इथे कोणाच्याच मनात आलं नव्हतं. ड्रायव्हरला जायला सांगितलं. मास्क काढून खाली जातोय. हे पत्र त्यांच्याच हातात देतो, तुला फोनवर वाचून दाखवा म्हणतो, आणि वाचून होईपर्यंत गाडीपुढे उभा राहतो. त्यानंतर दाजींच्या नंबरवरून तुला पुन्हा फोन येईल. बोलणारा मी असेन. ठेवू नकोस.