पालखीपुढचं मागणं

३ मार्च
शिमग्याला चिपळूणहून मनस्वी आणि जावई येणार, पालखी होईपर्यंत राहणार. दिवाळीत जेवताना राजकारण निघालं आणि अजिंक्यराव भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून लेक फोनवर फक्त हवामान सांगते. या वेळी संकल्प: राजकारणावर अवाक्षर नाही. सहज जमेल. मी कुणाची भक्त थोडीच आहे!

५ मार्च, सकाळ
जावयांनी फॅमिली ग्रुपवर त्यांच्या नेत्याचा फोटो टाकला. डोक्यामागे तेजोवलय. खाली मनस्वीने हात जोडलेले. माझी मुलगी!
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना कॅटेकिझम, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, घ्यायच्या. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. पण चुकलं तरी लिमलेटची गोळी द्यायच्या. या लोकांकडे नुसती उत्तरं. प्रश्न विचारला की तुम्ही पाखंडी. हा पक्ष नाही, पंथ आहे. देव आहे, पोथी आहे, सैतान आहे. दया तेवढी नाही.
हे ग्रुपवर लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, पण डिलीट केलं. फार तर दोघांनी वाचलं असेल.

८ मार्च
बाबांचा फोटो पुसला, हार घातला. त्यांचा मोर्चातला बिल्ला चांदीच्या डबीत असतो. आंघोळ केल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही, कुणाला लावूही देत नाही. शेजारची दमयंती म्हणाली, वहिनी, तुमचं पण देवघरच की हो हे. हसले. बिचारीला विचार आणि श्रद्धा यांतला फरक कळत नाही.
लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी मोर्चे पाहिले. ते गात, आणि त्यांचा आवाज माझ्या पायांना जाणवे. बाबांचं कधीच काही चुकलं नाही.

१२ मार्च
दोघं आली. दुपारी तळलेले बोंबील. जावई खूश. मी गप्प. आदर्श सासू.
मग त्यांनी त्याच हाताने डबी उघडली. बिल्ला उलटसुलट करत विचारलं, आई, यांचा पक्ष कधी जिंकला का हो?
मी शांतपणेच उत्तर दिलं. दमयंती म्हणते, तिच्या परसात ऐकू आलं.
मनस्वीने बॅग भरली. जाताना म्हणाली, आई, त्यांना निदान ठाऊक आहे की ते भक्त आहेत.
दोघं मिरजोळ्याला जावयांच्या आत्याकडे गेली. बिल्ला लिंबाने घासून घेतला.

१५ मार्च, सकाळ
आज आमच्याकडे पालखी. मी देव मानत नाही, पण प्रथा म्हणून गाऱ्हाणं घालते. मागणं पाठ केलंय: माझी लेक जावयासकट घरी येऊ दे. एवढंच.

१५ मार्च, संध्याकाळ
पालखी अंगणात टेकली. ओटी भरली. गाऱ्हाणं घालणाऱ्या शिवाने विचारलं, काकी, काय मागना हाय ता सांगा. मी डोळे मिटले. समोर तो तेजोवलयवाला फोटो आला. तोंडातून निघालं, त्या लोकांचा साफ पराभव होऊ दे.
शिवा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. पण मागणं बदलायचा त्याला अधिकार नाही. पालखीकडे वळून खणखणीत म्हणाला, बा देवा म्हाराजा, त्या लोकांचा साफ पराभव होऊ दे रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा! अख्खी वाडी ओरडली. सर्वांत मोठा आवाज फाटकातून. पाहिलं तर अजिंक्यराव. कोकणातला माणूस, लहानपणापासूनची सवय. ओरडून झाल्यावर त्यांना कळलं, आपण कशाला व्हय म्हटलं ते. शेजारी मनस्वी. हातात ओटीचं ताट, पायाशी बॅग.
तिने ताट दमयंतीकडे दिलं आणि बॅग उचलली.

१७ मार्च
दमयंती सांगून गेली, देवाने ऐकलंन तर नारळांचं तोरण बांधावं लागेल हो. मी म्हटलं, माझा विश्वास नाही. मग नारळवाल्याला विचारून ठेवलं.
संध्याकाळी मनस्वीचा फोन. चिपळूणला फार उकाडा आहे म्हणाली.
मी म्हटलं, इथेही.