काटा आठवर होता

ता. ११ मार्च

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे आता कमी दुखत असतील. धाकटीची परीक्षा संपली का? मी बरी आहे. कामही नेहमीसारखंच चाललं आहे.

हे शेवटचं वाक्य खरं नाही.

दाबमापकं तपासणं हे माझं काम, तुम्हाला माहीत आहे. मापक बॉयलरवरून उतरवायचं, प्रमाण मापकाशी ताडून पाहायचं, मग तारखेचं स्टिकर लावायचं. काकांच्या बॉयलरवरचं मापक मी उतरवलंच नाही. बॉयलर बंद होता, काटा शून्यावर होता, मला घाई होती. काकांनी चिडवलंसुद्धा, "काय गं इंजिनियरबाई, नुसत्या नजरेनेच पास?" मी हसले आणि स्टिकर लावलं.

स्फोटात काका गेले. नंतर तेच मापक तपासणीसाठी माझ्या टेबलावर आलं. अकराचा दाब दिला की काटा आठवर थांबत होता. मी अहवालात लिहिलं, "तपासण्याच्या स्थितीत नाही." मग चौकशीत ठरलं, की बॉयलर चालवणाऱ्याचं काट्याकडे लक्ष नव्हतं.

काका बघत होते, काकू. ते बघतच होते.

काटा वाचण्याआधी काचेवर बोटाने दोनदा टकटक करायची त्यांची सवय. सात महिने झाले, खोलीत एकटी असले की ती टकटक मला ऐकू येते. मागे वळून पाहणं मी सोडून दिलं आहे.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादरना विचारलं, "देव माझ्यावर 'निर्दोष' असं स्टिकर लावेल?"

ते म्हणाले, "स्टिकरं तू लावतेस, बाई. तो आतून नीट करतो. झाकण उघडू देशील ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी पापक्षमा दिली.

सोमवारी खरं मोजमाप आणि माझा कबुलीजबाब चौकशी समितीकडे दिला. प्रत सोबत आहे. नोकरी जाईल, खटलाही होईल. क्षमेची ही किंमत नव्हे. क्षमा मिळाली म्हणून खरं लिहायला हात चालला; सात महिने तो चाललाच नव्हता.

टकटक अजून थांबलेली नाही. हे लिहितानाही आहे.

रविवारी चर्चमधून थेट तुमच्या दारात येईन. दार उघडलं नाहीत तरी मी समजेन.

या वेळी तपासून सही करणारी,
काकांची इंजिनियरबाई